पाहणी समिती आली तो दिवस

विभागीय शालेय कबड्डी स्पर्धेचं यजमानपद दोन गावांनी मागितलं होतं. एक आमचं, दुसरं बावीस किलोमीटरवरचं तालुक्याचं ठिकाण. डिसेंबरात तीन जणांची समिती एकाच दिवशी दोन्हीकडे येणार होती, सकाळी आमच्याकडे आणि दुपारी तिकडे. मी शाळेचा क्रीडाशिक्षक. मैदान, मुक्काम, पाणी, जेवण या सगळ्याची मापं माझ्या वहीत होती.

त्या दिवसांत गावात विषय एकच होता, अहमदाबाद. २६ नोव्हेंबर २०२५ला ग्लासगोच्या सभेत २०३०चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला मिळाले. सरपंच चावडीवर म्हणाले, "सर, अहमदाबादले जगाचे खेळ भेटते, अन् आपल्याले इभागीय बी नाई भेटत का?"

प्रश्न रास्त होता. पण अशा खेळांसाठी शहरांची रांग लागलेली असते असं लोकांना वाटतं, ते आता खरं राहिलेलं नाही. २०३०साठी अहमदाबादसमोर शेवटी नायजेरियाचं अबुजा एवढंच उरलं होतं. कॅनडातल्या अल्बर्टाने २०२३मध्येच माघार घेतली. त्याच वर्षी जुलैत ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६चे खेळ परत केले. २६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज ६०० कोटींच्या वर गेला, असं त्यांनी सांगितलं. डर्बनला २०२२चे खेळ मिळाले होते. पैशाची हमी वेळेत न दिल्याने २०१७मध्ये ते काढून बर्मिंगहॅमला दिले. यजमानपद मिळणं हा अर्धाच भाग. ते पेलतं का, हे माणसं मोजून आधी पाहावं लागतं. आमच्या गावालाही तेच लागू होतं.

तर माणसं मोजू. अमरावती विभागात पाच जिल्हे, शिवाय अमरावती आणि अकोला या महानगरपालिकांचे वेगळे संघ, म्हणजे एका गटात सात संघ. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे, मुलं-मुली धरून सहा. एकूण बेचाळीस संघ. संघात बारा खेळाडू, एक मार्गदर्शक, एक व्यवस्थापक. बेचाळीस गुणिले चौदा, म्हणजे ५८८ माणसं. पंच आणि गुणलेखक वेगळे. सामने मात्र थोडे असतात. सात संघांच्या बाद फेरीत सहा सामने, सहा गटांचे छत्तीस. दोन मैदानांवर दोन दिवसांत ते आरामात उरकतात. म्हणून माझं मत पहिल्यापासून हेच की स्पर्धा अडते ती मुक्कामावर.

पाहणीच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला. वावरात वेचणीला आलेला कापूस भिजला, गावाचा जीव तिकडे लागलेला. तरी पहाटे पंधरा-वीस जण फावडी घेऊन शाळेत हजर.

इथलं पटांगण काळ्या मातीचं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगवटा. म्हणून कबड्डीच्या दोन्ही मैदानांखालची काळी माती फूटभर काढून मुरूम दाबलेला आहे आणि वर सहा इंच चाळलेली तांबूस माती व लाकडाचा भुसा. कोरड्यात हे उत्तम. पण पावसात त्याचीच अडचण होते. पाणी मुरमातून सहज खाली उतरतं आणि बाजूच्या काळ्या मातीत जिरत नाही. खड्डा टाक्यासारखा भरून राहतो. वरून मैदान जेमतेम ओलं दिसतं, टाच दाबली की पाणी वर येतं. अशा वेळी लोक हमखास कोरडा मुरूम किंवा भुसा ओततात. त्याने चिखल घट्ट होतो आणि पाणी आतच कोंडतं. आम्ही उताराच्या बाजूला मुरमाच्या तळाच्याही खाली जाईल असा दीड फूट खोल चर खोदला आणि तो नाल्यापर्यंत नेला. अर्ध्या तासात चरातून गढूळ धार लागली. मग दाताळ्याने वरचा थर हलवून उन्हाला मोकळा केला. रोलर कोणाला लावू दिला नाही. ओल्या मातीला तो चिकटतो आणि पापुद्र्यासारखा थर उचलून घेतो.

दहा वाजता एक मैदान खेळण्याजोगं झालं, दुसरं झालं नाही. आखणी एकावरच केली. मुलांचं मैदान १३ बाय १० मीटरचं. चार खुंट्या ठोकल्या की दोन्ही कर्ण ताणून पाहायचे, १६ मीटर ४० सेंटिमीटर भरले पाहिजेत. एक कमी, एक जास्त आला तर कोपरा काटकोनात नाही. मग चढाई करणाऱ्याने ओलांडायची, मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदानरेषा एका बाजूला जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब पडते, आणि चढाई वैध की नाही यावर भांडणं होतात. बोनस रेषा निदानरेषेच्या पुढे एक मीटर. सुतळी ओली असली तर तिची लांबी बदलते, म्हणून माप फितीनेच घ्यायचं.

रेषा मारायला मंडपवाल्याने पांढऱ्या भुकटीचं पोतं आणलं होतं. वाटीभर पाण्यात चिमूट टाकली, तर पाणी गरम होऊन बुडबुडे आले. तो कळीचा चुना होता. घामेजल्या अंगावर, डोळ्यांत तो गेला तर भाजतो, आणि कबड्डीत तोंड मातीला लागतंच. पोतं परत पाठवलं आणि खडूची भुकटी वापरली.

समिती अकरा वाजता आली. प्रमुख, एक तांत्रिक अधिकारी आणि एक निवृत्त शिक्षिका, मॅडम. शाल-श्रीफळ तयार होतं. प्रमुखांनी हात जोडले: "अहवाल जाईस्तोवर काही नको. चहासुद्धा आमच्या थर्मासमधला आहे." काहींना वाईट वाटलं, पण ते बरोबरच होतं. सॉल्ट लेक सिटीने २००२चं हिवाळी ऑलिंपिक मिळवताना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मतदार सदस्यांना भेटी आणि पैसे दिल्याचं १९९८च्या अखेरीस उघड झालं. सहा सदस्यांची हकालपट्टी झाली, चौघांनी राजीनामे दिले, आणि सदस्यांनी इच्छुक शहरांना भेट देणंच बंद झालं. पाहुणचार इथला साधा असला तरी निर्णय होण्याआधीचा पाहुणचार हा पाहुणचार राहत नाही.

अर्जात मुख्याध्यापकांनी अभिमानाने लिहिलं होतं की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली, आणि कबड्डी पदकाचा खेळ म्हणून आशियाई स्पर्धेत आली ती त्यानंतर चोपन्न वर्षांनी, १९९०ला बीजिंगमध्ये. प्रमुखांनी ते वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, "पाणी किती?"

मैदानावर समितीने दहा मिनिटं काढली. तांत्रिक अधिकाऱ्याने कर्ण मोजला, चर पाहिला, दुसऱ्या मैदानाबद्दल विचारलं. ते आज खेळण्याजोगं नाही, चर असाच चालू राहिला तर दोन उन्हं लागतील, असं सांगितलं. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

उरलेला दीड तास मॅडमचा होता. त्या थेट मुलींच्या स्वच्छतागृहात गेल्या. अकरा शौचालयं. प्रत्येकात आत जाऊन कडी लावायची आणि बाहेरून मला दार ढकलायला सांगायचं. चौथ्या दाराची कडी पहिल्याच धक्क्याला स्क्रूसकट निघाली. सातव्या आणि नवव्या दाराचंही तेच. दारं फायबरची, आतून पोकळ. त्यात अर्धा इंची स्क्रू पिळले की सुरुवातीला घट्ट वाटतात, पण रोजच्या ओढाताणीत भोक मोठं होतं आणि कडी नुसती चिकटून राहते. दिसायला दार लागतं, धक्क्याला उघडतं. मॅडमने खाली पडलेला स्क्रू उचलून माझ्या हातावर ठेवला. "इथे आरपार नट-बोल्ट आणि दोन्ही बाजूंनी वायसर पाहिजे. पोरगी कडीवर भरवसा ठेवून आत जाते."

मग त्या खोल्यांपासून शौचालयापर्यंत चालत गेल्या. रात्री दोनला मुलगी उठली तर कोणत्या दिव्याखालून जाईल, वाटेत कोण बसलेलं असेल, वीज गेली तर काय? गावठाणाच्या लाइनीवरची वीज डिसेंबरात सहसा टिकते, पण रात्री हरभऱ्याला पाणी देणाऱ्यांचे पंप त्याच रोहित्रावर चोरून जोडले गेले की फ्यूज उडतो. उत्तर म्हणून जनरेटर दाखवला. तो मंचाच्या मागे, ध्वनिक्षेपकासाठी ठेवलेला होता. मॅडम म्हणाल्या, त्याची पहिली वायर शौचालयाकडे जाऊ द्या, भाषण अंधारातही होतं.

हे ऐकताना मला दिल्ली आठवत होती. २०१०च्या राष्ट्रकुल खेळांसाठी २००३मध्ये जमैकात दिल्लीने कॅनडाच्या हॅमिल्टनला ४६ विरुद्ध २२ मतांनी हरवलं. तेव्हा सहभागी ७२ संघांना खेळाडूंच्या तयारीसाठी प्रत्येकी एक लाख डॉलर देऊ केले होते. हातात जवळपास सात वर्षं होती. तरी सप्टेंबर २०१०मध्ये, उद्घाटन दोन आठवड्यांवर असताना, खेळाडूंच्या निवासातल्या घाणीच्या तक्रारी जगभर गेल्या आणि मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. आमच्यासमोरच्या तालुक्याच्या गावानेही प्रत्येक संघाला ट्रॅकसूट आणि प्रवासखर्च कबूल केला होता. देणं चांगलंच आहे. पण ट्रॅकसूटवरून झोपायच्या खोलीचा अंदाज येत नाही.

शेवटी शाळेच्या ऑफिसात बसणं झालं. सरपंचांना सहाही गट हवे होते. मी वही उघडली. आमच्याकडे वर्गखोल्या अठरा. एका संघाला एक खोली द्यावी. सामान हरवणं आणि भांडणं दोन्ही टळतात. मंगल कार्यालयाच्या सभागृहात पडदे लावून चार संघ. म्हणजे बावीस संघांची सोय, आणि संघ बेचाळीस. पाण्याला माणशी दिवसाला ४५ लिटर धरले, थंडीत आंघोळीचं गरम पाणी त्यातच, तर ५८८ जणांना साडेसव्वीस हजार लिटर. ५,००० लिटरचे सहा टँकर रोज. टँकर एक वेळ मिळतील, पण तेवढं पाणी जाणार कुठे? शौचालयाची टाकी दुसऱ्या दिवशी सकाळी तुंबणार. जेवणाला माणशी ८० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम तूरडाळ, १०० ग्रॅम कणीक. आमच्या आचाऱ्याकडे साडेतीनशे पानांच्या वर एका वेळी उतरेल एवढी भांडी नाहीत, आणि दोन वेळा रांधलं तर पहिला भात तासन्‌तास पडून राहतो. पोटं बिघडतात ती तिथेच.

फक्त मुलींचे तीन गट घेतले तर? एकवीस संघ, २९४ माणसं. बावीस जागांत एकवीस संघ बसतात, उरलेली खोली आजारी मुलींसाठी. तीन टँकर. वीस जणींमागे एक शौचालय धरलं तर पंधरा लागतात, म्हणजे चार फिरती आणायची. मुलींचा सामना १५-५-१५ मिनिटांचा, म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती. अठरा सामने दोन मैदानांवर दीड दिवसात होतात.

सरपंच गप्प झाले, मग म्हणाले, "अर्धी घेतली त लोक काय म्हनतीन?" प्रमुखांनी त्यांना ग्लासगोचं सांगितलं. व्हिक्टोरियाने सोडलेले २०२६चे खेळ ग्लासगोने उचलले ते दहाच क्रीडाप्रकार आणि चारच ठिकाणं ठेवून. त्यात हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन, नेमबाजी गेली. आपल्या देशाची पदकं तिथेच, त्यामुळे ते मलाही झोंबलं होतं. पण सगळं घेतो म्हणणाऱ्याने ऐनवेळी हात वर केले, तर खेळाडूला काहीच मिळत नाही. हॅनोईने अठरावे आशियाई खेळ मिळवून २०१४मध्ये परत केले, तेव्हा ते जकार्ता आणि पालेमबांग या दोन शहरांनी मिळून घेतले. वाटून घेण्यात कमीपणा नाही. सरपंचांनी सुधारित मागणीपत्रावर सही केली.

पत्र पुढच्या आठवड्यात आलं. मुलींचे तिन्ही गट आमच्याकडे, मुलांचे तालुक्याला, कारण तिथे मॅटचं सभागृह आणि जवळच ग्रामीण रुग्णालय आहे. आमच्यासाठी चार अटी होत्या. सगळ्या दारांना आरपार बोल्टच्या कड्या, शौचालयाची टाकी आधी उपसलेली, रुग्णवाहिका मैदानावर उभी, आणि रात्री मुक्कामाच्या आवारात दोन महिला शिक्षिका जाग्या. पाचवी मी घातली. शेवटचा सामना साडेपाचच्या आत संपवायचा. या दिवसांत त्यानंतर दव पडायला लागतं, भुसा मिसळलेली माती वरून निसरडी होते आणि पकडीत गुडघे वळतात. त्यासाठी पहिला सामना साडेआठला ठेवला आहे, आणि दुरून येणाऱ्या बुलडाण्याच्या संघांना पहिल्या दिवशी सकाळचं सत्र दिलेलं नाही.