वाशीत पाणी का तुंबत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मोठा पाऊस झाला, सायन-कुर्ल्याचे रूळ पाण्याखाली गेले, की माहेरच्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच: "खाडी तुमच्या दारात, मग तुमच्याकडे पाणी कसं तुंबत नाही?" अजिबात तुंबत नाही असं नाही. भुयारी मार्ग भरतात, आणि ऐन भरतीला जोराचा पाऊस लागला तर काही सेक्टरांत रस्त्यावर घोटाभर पाणी येतं. पण ओहोटी लागली की ते बहुतेक वेळा उतरतं. हे कुणीतरी पन्नासेक वर्षांपूर्वी बसून आखलेलं आहे.

वाशी-नेरुळचा खाडीकडचा बराच भाग भरावाचा. पूर्वी तिथे मिठागरं, खाजणं आणि खारफुटी. उधाणाच्या पातळीच्या वर सगळी जमीन उचलायची तर भरावाला मातीच पुरली नसती. म्हणून सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, अभियंत्यांनी हॉलंडची पद्धत उचलली. जमीन सखलच ठेवायची, खाडीच्या बाजूने बांध घालायचा आणि बांधाच्या आत मोठमोठे तलाव राखायचे. यांना धारण तलाव म्हणतात, बोलताना सगळे होल्डिंग पॉण्डच म्हणतात. वाशीत मिनी सीशोरला संध्याकाळी चालायला येणाऱ्या कितीतरी लोकांना आपण अशाच एका तलावाच्या काठाने चालतोय हे माहीत नसतं. नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई हे उद्यानही तसंच.

कधी बांधावर उभं राहून खाली बघा. पाणी बाहेर सोडायच्या तोंडाशी लोखंडी झडपा लावलेल्या असतात, वरून बिजागरीवर टांगलेल्या, फक्त खाडीकडे उघडणाऱ्या. ओहोटीला तलावातलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं आणि खाडीत उतरतं. भरतीला खाडीचं पाणी त्याच झडपा दाबून घट्ट लावतं. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह जसा पाणी एकाच दिशेने जाऊ देतो, तसंच. या झडपांना ना वीज लागते ना मोटार. भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर असतं. तेवढा वेळ पारसिकच्या डोंगरावरून, एमआयडीसीतून, ठाणे-बेलापूर रस्त्याखालच्या नाल्यांतून उतरणारं पाणी कुठेतरी थांबायला हवं. ते या तलावांत थांबतं. तलाव नसते तर ते आपल्या तळमजल्यावर थांबलं असतं.

नियोजन म्हटलं की लोक रुंद रस्ते आणि सेक्टरचे नंबर दाखवतात. मला विचाराल तर कुठे बांधायचं नाही हे ठरवणं आणि जमिनीचे भाव आभाळाला भिडल्यावरही ते पाळणं, हे नियोजनातलं सगळ्यात अवघड काम आहे. वाशीत खाडीच्या कडेला मोकळी ठेवलेली जमीन म्हणजे आजच्या भावाने किती पैसे, याचा हिशेब करून बघा. शहर कसं वाढणार हे त्या न विकलेल्या जमिनीने ठरवलं.

बाकीचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं असं मात्र नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. सरकारी कचेऱ्या इकडे आल्या की मुंबईचा दक्षिणेकडे लागलेला ओघ वळेल, असा त्यामागचा विचार होता. मंत्रालय काही हललं नाही, उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव घालून टॉवर उभे राहिले. खाडीपूल सत्तरच्या दशकात झाला, तरी शहर रांगतच राहिलं. मानखुर्दहून वाशीला लोकल आली ती 1992 मध्ये, आणि त्यानंतर सगळं झपाट्याने बदललं. त्या मार्गाच्या खर्चातला दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता. तो पैसा विकसित केलेले भूखंड विकून आलेला.

आणि ते भूखंड कुणाच्या जमिनीवरचे? ही गोष्ट मी तलावांइतकीच आवर्जून सांगते. नवी मुंबईची हद्द 344 चौरस किलोमीटर, त्यात ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं. आगरी-कोळ्यांची शेतं, मिठागरं, मासेमारीच्या जागा. 1984 च्या जानेवारीत उरणच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या भावासाठी लढा दिला, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत.

पण खुद्द गावाचं काय? आराखड्यात गावठाणाभोवती एक रेघ मारली आणि आतला भाग कोरा सोडला. तलावांची जागा विचार करून कोरी ठेवली होती, गावांची विचार न करता. मुलं मोठी होतील, त्यांची लग्नं होतील, घरं वाढवावी लागतील, हे कुणीच धरलं नाही. गावठाणाची हद्द वेळेवर वाढवली नाही, म्हणून लोकांनी लागेल तसं बांधलं. ती घरं सरकारी कागदावर अनधिकृत, आमच्याकडच्या भाषेत गरजेपोटी बांधलेली. जुहूगाव, वाशीगाव, घणसोली, कुठेही आत शिरा. बाहेर चार पदरी रस्ता आणि आत गल्ली एवढी अरुंद की अग्निशमनची गाडी वळत नाही. नियमित करण्याचे निर्णय होतात, पुन्हा अडतात, पुन्हा निवडणूक येते. गावाला बेशिस्त म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांच्या खाजणांवर भराव घालूनच आपले सेक्टर उभे राहिलेत.

आता तलावांकडे परत येते, कारण काळजी तिथेच आहे. बरेच तलाव गाळाने भरत आलेत. गाळात खारफुटी उगवली, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्याने उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. संरक्षण हवंच, पण तलावाची खोली गेली तर सहा तासांचं पाणी ठेवायचं कुठे? त्यात सिडकोच्या जुन्या इमारती पाडून उंच टॉवर होताहेत. माणसं वाढतील, आवारातली माती काँक्रीटखाली जाईल, नाल्यात येणारं पाणी वाढेल, आणि तलाव तेवढेच राहतील. 2022 मध्ये पालिकेचा विकास आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा नेरुळच्या पाणथळ जागा निवासी दाखवल्यावरून लोकांनी हरकती घेतल्या. मला तेव्हा खूप बरं वाटलं होतं.

त्यामुळे इथे घर घ्यायचंय म्हणून कुणी सल्ला मागितला, तर स्टेशन किती लांब हे त्यांनी आधीच बघितलेलं असतं. मी त्यांना आणखी तीन गोष्टी बघायला सांगते: आपल्या सेक्टरचं पाणी कोणत्या तलावात जातं, त्याचा गाळ शेवटचा कधी काढला, आणि आराखड्यात तलावाच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेवर काय दाखवलंय. शेवटचं उत्तर खटकलं तर हरकत लेखी द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.