दोन शेपट्यांचा कोळी

झाडाला पाणी घालत होते. खोडाच्या सालीचा एक कपचा हलल्यासारखा वाटला. वाकून पाहिलं तर काहीच नाही. हात जवळ नेला तसा तोच कपचा सर्रकन खोडाच्या पलीकडे गेला. मी वळसा घालून मागे गेले की तो पुढे. हा लपंडाव बराच वेळ चालला, तेव्हा कुठे कळलं की हा कोळी आहे आणि याचं जाळं नाही.

जाळं असतं तर काम सोपं होतं. बागेतले बरेचसे कोळी मी जाळ्यावरूनच ओळखते: चाकासारखं गोल जाळं विणणारे, गवतात नरसाळ्यासारखं विणणारे. इथे हाताशी होता फक्त चपटा देह, दगडफुलासारखा करडा-पांढरा रंग आणि डोकं खाली करून सालीला चिकटून बसायची सवय.

वरून काढलेला फोटो ओळख सांगणाऱ्या एका ॲपला दाखवला. उत्तर आलं, खेकडा कोळी. मला ते पटेना. खेकडा कोळ्याच्या पुढच्या पायांच्या दोन जोड्या मागच्या जोड्यांपेक्षा लांब आणि दणकट असतात. याचे पाय लांब होते, पण काटकुळे. आणि मोजले तर दहा भरले! कोळ्याला पाय आठच, म्हणून फोटो मोठा करून पुन्हा मोजले. पुन्हा दहाच.

मग पाय कुठून निघतात ते पाहायचं ठरवलं. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात, पुढचा शिरोवक्ष आणि मागचं पोट, आणि आठही पाय पुढच्या भागालाच जोडलेले असतात. माझे शेवटचे दोन ‘पाय’ मात्र पोटाच्या टोकातून, शेपट्यांसारखे बाहेर आले होते. म्हणजे ते पाय नव्हतेच. कोळ्याच्या पोटाच्या टोकाशी रेशीम सोडणारे अवयव असतात, बहुतेक कोळ्यांत त्यांच्या तीन जोड्या. त्यातलीच एक जोडी इथे अशी लांबलचक वाढली होती.

हा धागा सापडल्यावर नाव लवकर मिळालं: हर्सिलिया. हे एका जातीचं नाही, अनेक जातींच्या एका गटाचं नाव. खात्रीसाठी आणखी एक खूण पाहिली. या कोळ्यांत पायांची तिसरी जोडी बाकीच्यांपेक्षा स्पष्टच आखूड असते. माझ्या प्रत्येक फोटोत ती तशीच होती, मी इतका वेळ तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

पण माझा खरा विश्वास बसला तो चौथ्या दिवशी. एक मुंगी खोडावरून वर चढत होती. कोळी झेपावला, तिच्याकडे पाठ केली आणि तिच्याभोवती गरागरा फिरू लागला. दोन्ही शेपट्या मुंगीच्या दिशेने वळलेल्या, त्यांतून रेशीम सुटतंय. बघता बघता मुंगी सालीला बांधली गेली, आणि चावा त्यानंतर. त्या शेपट्या कशासाठी, हे इतकं लख्ख मला कुठल्याही फोटोतून कळलं नसतं.

पुढचा प्रश्न, नेमकी जात कोणती? इथे मी थांबले. वर्णन झालेल्या कोळ्यांच्या जातींची संख्या २०२२ साली ५०,००० वर गेली. त्यांतल्या कितीतरी एकमेकींपासून वेगळ्या काढायच्या तर प्रौढ कोळ्याचे जननअवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. माझा कोळी प्रौढ नर नव्हता, एवढं सांगता आलं, कारण प्रौढ नराच्या तोंडाजवळच्या पॅल्पची, म्हणजे पायांसारख्या दिसणाऱ्या दोन छोट्या अवयवांची, टोकं फुगीर होतात आणि याची बारीक होती. यापुढे जायचं तर त्याला मारून बाटलीत घालावं लागलं असतं. घरच्या वहीतल्या नोंदीसाठी ते मला मंजूर नव्हतं.

वहीत लिहिलंय: हर्सिलिया, प्रौढ नर नाही, देह सुमारे ८ मिलिमीटर, खोडाची सावलीची बाजू. त्या बाजूला मी आता पाण्याचा फवारा मारत नाही.