चहाची गाळणी

आठ दिवस लेक "पोट दुखतंय" म्हणत होता. आम्ही जंताचं औषध देऊन मोकळे. शाळा बुडवायची नाटकं, असंही बोलले मी. मग लघवी लालसर झाली आणि धाबं दणाणलं. सोनोग्राफीत मूत्रनलिकेत ४ मिलिमीटरचा खडा. वय वर्षं सहा!

सीटी स्कॅन का नको, विचारलं. डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफीत दिसतंय ना, मग पोराला रेडिएशन कशाला? दुखण्याचं औषध, भरपूर पाणी, आणि दरवेळी लघवी गाळून बघायची. चहाची जुनी गाळणी कामी आली (आता ती चहाला नाही, काळजी नसावी).

आज दुपारी बाथरूममधून आरोळी, "आई, सापडला!" मुगाएवढा, तपकिरी, खरखरीत. डबीत घालून लॅबला दिला. कशाचा बनलाय ते कळलं की पुढचं ठरेल. मुलांमध्ये पुन्हा होऊ शकतो, म्हणून चोवीस तासांची लघवीही तपासायची आहे.

सासूबाईंनी दूध बंदच केलं होतं. कॅल्शियम ना! उलट दुधातलं कॅल्शियम ऑक्सलेटला (अन्नातला खडे बनवणारा घटक) आतड्यातच धरून ठेवतं म्हणे. दूध चालू, वेफर्स बंद.

पाण्याची बाटली मात्र शाळेतून रोज भरलेलीच येते. तिथल्या बाथरूमला जायला नको, म्हणून पठ्ठ्या पाणीच पीत नाही.