आमचे की आपले?

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन निराळे शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा कुंपणाबाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. वसईच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे ‘आमच्यातला’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि त्यात काही खटकण्याजोगे आहे असे मला पुष्कळ वर्षे वाटलेही नाही.

गेल्या पावसाळ्यात रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मागच्या बाकावर माझ्याशेजारी झारखंडहून बांधकामावर आलेला एक तरुण बसला होता. शर्टाला कडक इस्त्री होती, पण नखांच्या कडांना सिमेंट तसेच राहिले होते. प्रार्थना मराठीतून चालली होती, त्याचे ओठ मात्र त्याच्या भाषेत हलत होते. शेवटचे ‘आमेन’ तेवढे आम्हा दोघांचे एकदम पडले. बाहेर पडताना मी त्याला विचारले, “इकडे कसे काय?” तो गोंधळून म्हणाला, “आज इतवार है ना.” माझा प्रश्न किती चुकीचा होता हे मला घरी पोहोचेपर्यंत कळले नाही.

तसे पाहिले तर हा प्रश्न आमच्या रक्तातच आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत पुष्कळांना स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, मिळाला, जात मात्र कोणाची सुटली नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी ही नावे ख्रिस्ती घरांतही टिकली आणि सोयरीक जुळवताना तीच आधी विचारली गेली. सामवेदी ख्रिस्ती लोकांना ‘कुपारी’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोम्पाद्रे’वरून आला असे सांगतात, आणि बाळाचा बाप व त्याचा धर्मपिता एकमेकांना याच नावाने हाक मारत. रक्ताचे नाते नसलेल्या दोन घरांना स्नानसंस्काराने जोडणारा शब्द पुढे एकाच समाजाचे नाव होऊन बसला, याची मला गंमतही वाटते आणि थोडी लाजही.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा दहावा अध्याय मी त्या आठवड्यात पुन्हा वाचला. येशूचा शिष्य पेत्र यापो बंदरात समुद्रकाठी कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला आहे. यहुदी समाजात तो धंदा विटाळाचा समजत, म्हणजे पेत्राने अर्धा उंबरा आधीच ओलांडला होता. दुपारी भुकेल्या पोटी घराच्या छपरावर प्रार्थना करत असताना त्याला दृष्टांत होतो, तोही नेमका खाण्याचा: निषिद्ध मानलेले प्राणी खा, देवाने शुद्ध केलेले तू अशुद्ध म्हणू नकोस. आणि मग तो कर्नेल्य नावाच्या परकीय शताधिपतीच्या, म्हणजे शंभर शिपायांच्या नायकाच्या, घरी जातो. माझे लक्ष मात्र दरवेळी पुढच्या अध्यायावर खिळते. यरुशलेमेत परतल्यावर लोकांनी त्याला जाब विचारला, तो त्या परक्यांना बाप्तिस्मा का दिला असा नव्हता, तर त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास का, असा होता. पंक्तिभेद म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळे समजवावे लागत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना ही अडचण दुसऱ्या टोकाने जाणवली असावी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण १९१७ साली मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा दिली. मी कॅथलिक असल्यामुळे स्नानसंस्कार इतका ऐच्छिक मानणे मला जड जाते. तरीही दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आधी आत घ्यावे आणि बाकीचे नंतर बोलावे, हा त्यांचा क्रम मला मान्य आहे.

पुढे सणाच्या जेवणासाठी नावनोंदणी सुरू झाली, तेव्हा तो तरुण रांगेत माझ्यापुढे होता. वहीत नाव, माणसे आणि आळी असे तीन रकाने होते. पहिले दोन त्याने भरले आणि तिसऱ्यापाशी पेन उचलून माझ्याकडे पाहिले. मी वही ओढून घेतली आणि तिथे आमच्या आळीचे नाव लिहिले.