स्वीडिशची नोंदवही, महिना चौदावा: ट्रॅम, ताक आणि ळ

गेल्या रविवारी 'ओत्ता सीदोर'चा अख्खा अंक डिक्शनरी न उघडता वाचून काढला. नावाचा अर्थ 'आठ पानं'. सोप्या स्वीडिशमधलं हे वर्तमानपत्र 1984 पासून निघतं. रेडिओवरचं सोप्या बातम्यांचं 'क्लार्टेक्स्ट' आता बारा आणे कळतं. ट्रॅममध्ये दोन बायका आपापसांत बोलतात ते मात्र अजून चार आणेच.

नव्याने आलेली मंडळी विचारतात, क्लास कोणता लावू? माझं उत्तर ठरलेलं आहे: पैसे भरायच्या आधी एसएफआय. स्थलांतरितांसाठीचं हे स्वीडिश शिक्षण 1965 पासून चालू आहे, ते कॉम्यून म्हणजे नगरपालिका देते, आणि ते फुकट आहे. आपल्यासारख्या वर्क परमिटवर किंवा जोडीदाराबरोबर आलेल्यांना त्यासाठी आधी पर्सूननुम्मर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, लागतो. आत तीन वाटा आणि ए ते डी असे चार कोर्स. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेला माणूस पहिल्या वाटेवर ए पासून चालू लागतो, आपल्यासारखे पदवीवाले तिसऱ्या वाटेवर थेट सी ला बसतात. आठवड्याला सरासरी किमान 15 तास. नोकरीवाल्यांसाठी बऱ्याच ठिकाणी संध्याकाळचे आणि घरबसल्याचे वर्ग असतात. स्टॉकहोमकडे इंजिनिअर, डॉक्टर, ट्रकचालक अशा पेशांसाठी वेगळं एसएफएक्ससुद्धा आहे.

नंबर हातात येईपर्यंत नुसतं बसून राहू नका. मी त्या काळात स्वेन्स्का इन्स्टिट्यूटचा 'लर्निंग स्वीडिश' हा फुकटचा ऑनलाइन कोर्स केला आणि लायब्ररीतल्या स्प्रोककफेला जाऊन बसले. स्प्रोककफे म्हणजे गप्पांचा कट्टा. तिथे कुणी नंबर विचारत नाही. पैसे भरून शिकायचं तर फोल्कयुनिवर्सितेतसारख्या संस्था आहेत. कंपनी फी देणार असेल तर जरूर जा, स्वतःच्या खिशातून असेल तर आधी एसएफआयचा महिनाभर अनुभव घ्या.

अनुभव कसा येईल ते मात्र शिक्षकावर. माझ्या पहिल्या शाळेत सहा आठवड्यांत तीन शिक्षक झाले आणि तिघांनीही आम्हाला घड्याळच शिकवलं. साडेसात म्हणजे 'हाल्व ओत्ता', अर्धे आठ, हे मी झोपेतही सांगेन. शेवटी शाळा बदलून घेतली. सी कोर्सची राष्ट्रीय परीक्षा नव्या शाळेतून दिली: वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. बोलण्याच्या भागात कुटुंबावर विषय आला आणि मी सुटले. इंग्रजीत अंकल-आंटीत सगळे कोंबावे लागतात, इथे मामा 'मूरब्रूर', काका 'फारब्रूर', मावशी 'मूस्तेर', आत्या 'फास्तेर'. आईची आई 'मूरमूर' आणि वडिलांची आई 'फारमूर'. परीक्षेतल्या माझ्या जोडीदाराला चार वाक्यं बोलायची होती, मी सांगलीच्या वाड्यातली सगळी माणसं त्याच्यापुढे उभी केली.

आता खरी नोंद. उच्चारात आपल्याकडे फुकटची पुंजी आहे आणि ती कुणी सांगत नाही. स्वीडिशमध्ये र च्या पुढे त, द, न, ल, स आले की दोन्ही मिळून आपले ट, ड, ण, ळ, ष होतात. 'बार्न' म्हणजे मूल, उच्चार चक्क 'बाण'. 'बूर्द' म्हणजे टेबल, उच्चार 'बूड'. 'फार्लिग' म्हणजे धोकादायक, तो 'फाळिग'. खुद्द पर्सूननुम्मरमधला 'पर्सून' बोलताना 'पषून' होतो. वर्गातली पोलिश मैत्रीण ण साठी जीभ वळवून वळवून दमली. मी 'बाण' म्हटलं आणि शिक्षिकेने पुन्हा म्हणायला लावलं, बाकीच्यांना ऐकवण्यासाठी! शिक्षिका उप्सालाची म्हणून हे जमलं. दक्षिणेत स्कोनेत र घशातून काढतात, तिथे हा प्रकार होत नाही.

योतेबोरीत (गोटेनबर्ग, गॉथेनबर्ग काहीही म्हणा, इथले लोक हेच म्हणतात) राहणाऱ्यांनी ट्रॅमच्या थांब्यांचा सराव करावा. घोषणा रोज ऐकू येते आणि पुस्तक लागत नाही. 'कोर्सवेगेन'मध्ये ष सापडतो, 'येर्नतोरियेत'मध्ये ण. मी महिनाभर घोषणेच्या मागोमाग पुटपुटत होते. शेजारचे लोक सरकून बसतात, बसू द्या.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आखूड-लांब स्वरांचा घोळ संपत नाही. 'तक्क' म्हणजे धन्यवाद, स्वर लांबला की 'ताक', म्हणजे छप्पर. पहिले दोन महिने मी दुकानदारांना छप्पर देत होते आणि मनात ताक पीत होते. 'ग्लास' म्हणजे पेला, 'ग्लस्स' म्हणजे आइस्क्रीम. नोव्हेंबरच्या थंडीत एका कॅफेत पाणी मागितलं तर मुलीने विचारलं, कोणत्या चवीचं?

आणि 'शू', म्हणजे सात. लिहिताना श लिहिते, पण तो श नाही, फ नाही, ख तर नाहीच. स्प्रोककफेतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी माझ्यासमोर मेणबत्ती लावली. ओठ गोल, जीभ मागे, आणि फुंकर इतकी हलकी की ज्योत झुकली पाहिजे पण विझता कामा नये. माझी पाच वेळा विझली. सहाव्यांदा झुकली तेव्हा बाई म्हणाल्या, आता 'शूत्तीशू', सत्त्याहत्तर. ज्योत पुन्हा विझली.

लिंगांची वही चालू आहे. स्वीडिशमध्ये दोनच लिंगं, 'एन' आणि 'एत्त', आणि बहुतेक शब्द एनवाले. उरलेले एत्त पाठ करायचे, तर एक गंमत दिसली: आपली कितीतरी नपुंसकलिंगी नामं तिकडेही नपुंसकच निघतात. घर, मूल, झाड, पान, अंडं, डोकं, नाव, वर्ष, पाणी, मीठ, लोणी, सोनं, सगळी एत्त! नियम म्हणून घेऊ नका. दूध, फूल आणि पुस्तक यांनी दगा दिला, ती एन आहेत. पण पाठांतराला खुंटी मिळते, आणि मला पोरवयात 'ते झाड' घोकायला लावणाऱ्या बाईंची आठवण येते.

सगळ्यात मोठा अडथळा व्याकरण नव्हे, इथल्या लोकांचं चांगलं इंग्रजी. तुम्ही जरा अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीत. त्यावर एकच वाक्य तोंडात ठेवा: 'कान वी ता दे पो स्वेन्स्का?' स्वीडिशमध्ये बोलूया का? दहातले आठ जण खूश होतात. उरलेले दोघे घाईत असतात, त्यांना सोडा.

'दू'शी मात्र माझी जीभ अजून भांडते. 1967 मध्ये ब्रूर रेक्सेद नावाच्या आरोग्य खात्याच्या प्रमुखाने आपण सगळ्यांना 'दू', म्हणजे 'तू', म्हणणार असं जाहीर केलं, आणि त्याच सुमारास देशभर तेच रुळलं. साठीच्या शिक्षिकेला नावाने हाक मारून 'तू' म्हणायचं, मला आठवडाभर कानकोंडं व्हायला झालं.

परवा ब्रून्सपार्केनच्या थांब्यावर काठी टेकत एक आजोबा आले. ही येर्नतोरियेतला जाते का, स्वीडिशमध्येच विचारलं, इंग्रजी नाही. मी म्हटलं, 'नेय, दू स्का ता एल्वान.' नाही, तू अकरा नंबर घे. त्यांनी मान डोलावली, 'तक्क' म्हणाले, आखूडच. एल्वान आली, ते चढले, आणि मी मराठीत पुटपुटले, 'अहो आजोबा, जपून.'