टाऊन हॉलच्या बागेतली मैफल

जानेवारी महिना आला की कोल्हापुरातल्या चित्रकार-शिल्पकारांचे पाय टाऊन हॉलच्या बागेकडे वळतात. गाण्याच्या साथीने चित्रे आणि शिल्पे लोकांसमोर घडवण्याची ‘रंगबहार’ या संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ तिथे भरते. कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि विश्वनाथ नागेशकर या दोन कलावंतांच्या स्मृतीला ती वाहिलेली आहे. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले, त्यामुळे या महिन्याशी त्यांची आठवण जोडलेलीच आहे.

मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करत असताना आमचे चित्रकलेचे सर आम्हा मुलांना या मैफलीला घेऊन जात. जुन्या झाडांखाली बोर्ड लागलेले असत. कुणी फेटा बांधलेल्या म्हाताऱ्याला समोर बसवून व्यक्तिचित्र रंगवत असे, कुणी शेजारच्या टाऊन हॉलच्या वास्तूचे जलरंगातले चित्र करत असे, तर एखादा शिल्पकार मातीच्या गोळ्यातून चेहरा उभा करत असे आणि या सगळ्यावर गाण्याचे सूर असत. सरांचा आग्रह एकच असे की, आम्ही पूर्ण झालेल्या चित्रापेक्षा ते घडत असताना चित्रकाराचा हात पाहावा. पहिला रंग कुठे पडतो, कोणता भाग शेवटपर्यंत कोरा ठेवला जातो, चित्रकार मागे सरून किती वेळ नुसता पाहत राहतो, हे वर्गात आम्हाला कधी कळले नसते.

पुढे बाबूरावांविषयी वाचत गेलो, तेव्हा ही पद्धत त्यांच्याच घरातली असल्याचे माझ्या ध्यानात आले. ३ जून १८९० रोजी जन्मलेल्या बाबूराव कृष्णराव मेस्त्रींनी कोणत्याही कलाशाळेत शिक्षण घेतले नव्हते. सुतारकाम आणि शिल्पकाम त्यांनी वडिलांच्या हाताखाली आत्मसात केले आणि नात्याने भाऊ असलेल्या आनंदराव पेंटरांच्या सोबतीने नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांचा हात तयार झाला. लोकांनी पेंटर हेच त्यांचे आडनाव करून टाकले. १९१६ साली आनंदराव गेले आणि दोघांनी मिळून पाहिलेले चित्रपटाच्या स्वदेशी कॅमेऱ्याचे स्वप्न बाबूरावांनी सहकाऱ्यांच्या मदतीने पुरे केले. त्यानंतर त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि १९२० मध्ये तिचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला.

ही कंपनी म्हणजे माझ्या मते कोल्हापूरची एक मोठी कलाशाळाच होती. दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम यांनी तिथे पडेल ते काम करत चित्रपटाची सगळी अंगे जाणून घेतली आणि १९२९ मध्ये धायबर व कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधला देहूचा साधेपणा पाहताना चित्रकाराची नजर जागोजागी जाणवते. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल दोघेही मुळात बाबूरावांच्या तालमीतले होते. चित्रपटांत नाव मिळवलेले चंद्रकांत मांडरे यांनीही चित्रकलेत बाबूरावांनाच गुरू मानले. राजारामपुरीतल्या मांडरे यांच्या घराचे आता संग्रहालय झाले असून तिथली निसर्गचित्रे सावकाश पाहावीत अशी आहेत. स्वतः बाबूराव चित्रपटांपासून दूर झाल्यावर पुन्हा शिल्पाकडे आणि चित्राकडे वळले. शिवाजी चौकातला छत्रपतींचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा असून रोज हजारो माणसे त्याच्यासमोरून जातात.

मैफलीच्या दिवशी टाऊन हॉलच्या संग्रहालयातही जरूर जावे. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी आणि त्यांच्या पाठोपाठच्या कोल्हापुरी चित्रकारांची कामे तिथे आहेत. बाहेर रंग ओला असताना आणि आत तो कित्येक दशकांपूर्वी वाळलेला असताना दोन्ही एकाच सकाळी पाहायला मिळणे ही मला या गावाची फार मोठी देणगी वाटते. आमचे सर आधी बाहेर दोन तास बसवत आणि मगच आत नेत. तो क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

या मैफलीकडून माझी एकच मागणी आहे. व्यक्तिचित्र, निसर्गचित्र आणि शिल्प यांच्या जोडीने एखाद्या वर्षी नाटकाच्या पडद्याच्या रंगकामाचे प्रात्यक्षिकही व्हावे. महाल, जंगल आणि रस्ता यांचे भव्य पडदे रंगवण्याच्या ज्या कामातून बाबूराव घडले, ते मला आजवर त्या बागेत पाहायला मिळालेले नाही आणि ते जाणणारे हात दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत.