बुजवलेली भोके

16 एप्रिल जवळ आला की रेल्वेच्या कारखान्यांत जुन्या इंजिनांची आठवण निघते. 1853 साली त्या दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली होती, 14 डब्यांची, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने जोडलेली. मी मुंबईतल्या एका कारखान्यात बॉयलर फिटर होतो. त्या वर्षी आमच्याकडे दोन फुटी नॅरोगेजचे एक छोटे टँक इंजिन आले होते आणि 16 तारखेला ते वाफेवर चालवून दाखवायचे ठरले होते. ही हकिकत 13 एप्रिलची आहे.

ते इंजिन बरीच वर्षे उघड्यावर, चौथऱ्यावर उभे होते. शोभेसाठी इंजिन चौथऱ्यावर ठेवण्याबद्दल माझे मत पहिल्यापासून वाईट आहे. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी बॉयलरभोवतीच्या पत्र्याच्या आवरणाखाली पाणी झिरपते, ते आत साचून राहते, आणि वरून दर वर्षी रंगाचा हात फिरत असल्यामुळे पाहणाऱ्याला सगळे झकपक दिसते. आम्ही आवरण उतरवले तेव्हा तळाशी गंजाचे पोपडे हातात येत होते. खराब पत्रा कापून नवा बसवला, सगळ्या ट्यूब बदलल्या. फायरबॉक्सच्या, म्हणजे भट्टीच्या पेटीच्या, बाहेरच्या पत्र्याला खड्डे पडले होते, पण मोजल्यावर जाडी पुरेशी भरली, म्हणून तो तसाच ठेवला. पेंटरांनी खड्डे मेटल पेस्टने बुजवून त्यावर उष्णता सोसणारा काळा रंग दिला, आणि काम पाहून घेतल्याची सही मीच केली.

13 तारखेला सकाळी पाण्याच्या दाबाची चाचणी होती. बॉयलर काठोकाठ भरायचा, वरची हवा पूर्ण काढायची आणि पंपाने दाब कार्यदाबाच्या दीडपट न्यायचा. आमच्या इंजिनाचा कार्यदाब दर चौरस इंचाला 140 पौंड, म्हणून 210. ही चाचणी पाण्यानेच करतात, कारण थंड पाणी फारसे दाबले जात नाही आणि कुठे फुटलेच तर चार बादल्या पाणी सांडून दाब उतरतो. दाबाखालच्या तापलेल्या पाण्याला मात्र वाट मिळाली की त्याची एकदम वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा लागते. दाबाचा काटा 210 वर गेला, तिथेच थांबला, आणि बाहेर पाण्याचा ठिपकाही दिसला नाही. साहेबांनी हात मिळवला आणि चहा मागवला.

कारखान्यातून निवृत्त झालेले एक वयस्कर बॉयलरमेकर सल्ल्यासाठी लालबागहून येत असत. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणत असू. चहा न घेता ते फायरबॉक्सच्या बाजूला चष्मा लावून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘भोकं कुठं आहेत रे?’’

प्रश्न ऐकताच माझ्या पोटात गोळा आला. फायरबॉक्स म्हणजे पेटीत पेटी. आतल्या पेटीत कोळसा जळतो आणि दोन्ही पेट्यांच्या मध्ये पाणी असते. दाब त्या सपाट पत्र्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो, म्हणून सुमारे दर चार इंचांवर आट्यांचे दांडे, म्हणजे स्टे, बसवून दोन्ही पत्रे बांधलेले असतात. 140 पौंड दाबाला एका स्टेच्या वाट्याची 16 चौरस इंच जागा धरली, तर त्याच्यावर 2,240 पौंड, म्हणजे टनभर ओढ येते. भट्टी पेटली की आतला पत्रा बाहेरच्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, स्टे दर वेळी किंचित वाकतो आणि अखेर बहुधा बाहेरच्या पत्र्यालगत चिरतो. ही चीर बाहेरून दिसत नाही. म्हणून स्टेच्या बाहेरच्या टोकात मधोमध एक बारीक भोक पाडलेले असते. चीर तिथवर पोहोचली की भोकातून पाणी येते. पुस्तकात त्याला टेल-टेल होल म्हणतात, तात्या त्याला चहाडखोर म्हणत. खड्डे बुजवताना पेंटरांनी ही भोकेही इमानदारीने बुजवली होती, आणि चाचणी कोरडी गेली म्हणून मी खूश होतो.

दाब उतरवला. हाताच्या ड्रिलने एकेक भोक मोकळे करायला घेतले. जेवणाची सुट्टी कधी झाली ते कळले नाही. तीनच्या सुमारास पुन्हा पंप मारायला लागलो. काटा 90 वर असताना डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून सुतळीएवढी धार निघून माझ्या शर्टावर आली. 210 पर्यंत चार धारा झाल्या, चारही एकमेकींच्या शेजारी. तात्यांनी हातोडीने ते स्टे वाजवले. बाकीच्यांचा नाद खणखणीत होता, या चौघांचा बद्द.

आमंत्रणे वाटून झाली होती. साहेबांनी विचारले, ‘‘तात्या, साठ पौंडांवर फक्त हळूहळू चालवलं तर?’’

‘‘साहेब, तुटलेल्याचं ओझं शेजाऱ्यांवर पडतं. शेजारी किती दमलेत ते तुम्हाला माहीत आहे का? मला तर नाही.’’

साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी भट्टी न पेटवण्याच्या आदेशावर सही केली. वरून त्यांना काय ऐकून घ्यावे लागले याची मला थोडीफार कल्पना आहे, आणि त्याबद्दल त्यांनी आम्हाला एका शब्दानेही सुनावले नाही.

16 तारखेला इंजिन थंडच उभे राहिले. कोणीतरी स्मोकबॉक्समध्ये तेलाचे बोळे पेटवून धुरांड्यातून धूर काढला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी ते थांबवले नाही. पावसाळाभर आम्ही त्या कोपऱ्यातल्या वरच्या दोन्ही ओळी काढून, पत्र्यांत नवे आटे पाडून नवे स्टे बसवले. पुन्हा घेतलेल्या चाचणीत भोके उघडी होती आणि कोरडी राहिली.

ऑगस्टमध्ये पेंटर परत आला तेव्हा तात्या त्याच्या आधी येऊन बसले होते. त्यांनी बांबूच्या काड्या तासून आणल्या होत्या. प्रत्येक भोकात एक काडी खोचून होईपर्यंत त्यांनी त्याला ब्रश उचलू दिला नाही, आणि रंग वाळल्यावर काड्या उपसून, मोजून परत घेतल्या.